गुणवंतरावांनी केलेली मशीनची मोजणी

मूल गावी अयूबसेठच्या राईस मिलमध्ये गुणवंतराव बोरकुटे नावाचे एक कॉम्प्युटर इन्चार्ज आहेत. त्यांना कॉम्प्युटर येत नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. त्या मिलच्या कॉम्प्युटरच्या देखभालीचं काम आमच्या कंपनीकडे होतं आणि चार वर्षं दर तीन महिन्यांनी मी चंद्रपूरहून तिथे जात होतो. तपासून लिहितो आहे.

त्यांना येतं ते जमीन मोजणं. बत्तीस वर्षं त्यांनी सरकारी मोजणीच्या नोकरीत साखळ्या ओढल्या, दगड रोवले, नकाशे काढले. ते काम ते चांगलं करत, असं ऐकून आहे आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांना दीड महिन्याचं संगणक प्रशिक्षण मिळालं. निवृत्त झाल्यावर त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून ते अयूबसेठकडे आले, आणि सेठने ते प्रमाणपत्र उलटसुलट पाहून त्यांना थेट इन्चार्ज केलं.

अयूबसेठचे धंदे तीन: राईस मिल, बर्फाचा कारखाना आणि ट्रान्सपोर्ट. चंद्रपूरकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात त्याने एक मोठं सर्व्हर मशीन उचललं होतं, गोदरेजच्या कपाटाएवढं. तिन्ही धंद्यांना वेगवेगळे कॉम्प्युटर घेण्यापेक्षा हे एकच आतून वाटून घ्यावं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा बरोबर होता.

असं मशीन आतून वाटता येतं. करवत लावायची नसते. इतके प्रोसेसर आणि इतकी मेमरी गिरणीची, इतकी बर्फाची, असा आदेश द्यायचा, की एकाच पेटीत दोन-तीन स्वतंत्र कॉम्प्युटर असल्यासारखे ते हिस्से चालू लागतात. एक हिस्सा बंद पडला तर शेजारच्याला पत्ताही लागत नाही. आणि यातली खरी सोय अशी, की मशीन चालू असतानाच हे हिस्से लहानमोठे करता येतात. डिसेंबरात धान येतं तेव्हा गिरणीला जास्त द्यावं, एप्रिल-मे महिन्यात बर्फ खपतो तेव्हा तिकडे वळवावं. ज्या माणसांनी हे मशीन बनवलं, त्यांनी मुख्यतः याच सोयीसाठी डोकं झिजवलं असणार.

गुणवंतरावांनी ते शेत समजून वाटलं.

मेमरी होती चौसष्ट जीबी. त्यांनी चार सारखे हिस्से पाडले, प्रत्येकी सोळा. प्रोसेसर आठ, प्रत्येकी दोन. पहिला हिस्सा गिरणीचा, दुसरा बर्फाचा, तिसरा ट्रान्सपोर्टचा आणि चौथा ‘राखीव’. कोणाला किती लागतं हे त्यांनी विचारलं नाही, कारण वाटणीत ते विचारायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी मशीनचा नकाशा काढला. काळ्या शाईने हिस्से, लाल शाईने हद्दी, खाली प्रमाण, कोपऱ्यात सही, आणि वर उत्तर दिशा दाखवणारा बाण.

‘‘मेमरीची उत्तर दिशा कुठून काढली, काका?’’ मी एकदा विचारलं.

‘‘कपाटाचं दार पूर्वेले हाय,’’ ते म्हणाले. ‘‘मंग उत्तर कुठी येते ते तुमीच पाह्यून घ्या. इंजिनेर हाय ना तुमी?’’

हा नकाशा फ्रेम करून त्यांच्या खुर्चीमागे लावलेला होता. अयूबसेठ बाहेरच्या व्यापाऱ्यांना तो दाखवत असे. मशीन कुणाला दाखवत नसे.

हिस्से हलवण्याचा पासवर्ड एकट्या गुणवंतरावांकडे होता. तो खाकी कव्हरच्या डायरीत, डायरी टेबलाच्या खणात आणि खणाची किल्ली त्यांच्या जानव्याला. आमच्या करारात स्पष्ट लिहिलं होतं, की इन्चार्जच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही हिस्स्यांना हात लावायचा नाही. तीन वर्षं हे खपून गेलं, कारण धंदा तेवढा नव्हता. चौथ्या वर्षी मिलने धानाचं काम दुप्पट घेतलं आणि वजनकाट्यावर नाजिया आली.

नाजिया ही बस स्टँडमागच्या अकरम टेलरची मुलगी. बी.कॉम. झालेली, चोवीस वर्षांची. धानाचा ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढला की वजन, वाण, ओलावा आणि पोत्यांची संख्या मशीनमध्ये भरायची आणि पावती काढून द्यायची, हे तिचं काम. अयूबसेठने तिला घेताना सांगितलं होतं, की हा हंगाम नीट निघाला तर फेब्रुवारीपासून कायम, नाहीतर घरी. काट्यावर याआधी कधी बाई बसली नव्हती. सेठचे दोन भाऊ ती कधी चुकते याचीच वाट पाहत होते. नाजियाला हे ठाऊक होतं. ती सकाळी आठच्या आधी काट्यावर हजर असे आणि दुपारचा डबा पावत्या काढता काढता खाई.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेली आणि गिरणीचा हिस्सा बसला. सोळा जीबी भरून वाहू लागली. अशा वेळी मशीन जागा मिळवण्यासाठी डिस्कवर लिहीत बसतं, आणि डिस्क मेमरीच्या मानाने बैलगाडी असते. जी पावती चाळीस सेकंदांत निघायची, तिला बारा मिनिटं लागू लागली. शेजारच्या बर्फाच्या हिस्स्यात त्याच वेळी तेरा जीबी रिकामी पडून होती. हिवाळ्यात मूलमध्ये बर्फ कोण घेतो?

रांगेत मनसाराम होता. तळ्यात जाळं टाकणारा आणि चार बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या लहान तुकड्यांत, धान पिकवणारा माणूस. भाड्याचा ट्रॅक्टर घेऊन पहाटे आला होता आणि अकरा वाजता काट्यावर चढला होता.

‘‘बाई,’’ तो खिडकीत डोकं घालून म्हणाला, ‘‘आमच्या तळ्यातली मासोळी बी एवढ्या टायमात अंडे देऊन मोकळी होते.’’

‘‘मासोळीले गुणवंतकाकाची परवानगी लागत नाई ना भाऊ,’’ नाजिया स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

मागचे ट्रॅक्टरवाले हसले. पण संध्याकाळपर्यंत त्यातले सहा जण रांग सोडून चंद्रपूर रोडवरच्या दुसऱ्या मिलकडे गेले. दुसऱ्या दिवशी नऊ गेले. नाजियाने ते आकडे एका कागदावर लिहून ठेवले आणि गुणवंतरावांकडे गेली.

गुणवंतरावांनी आधी तिला बसू दिलं नाही, मग कारण सांगितलं. ते कारण मी त्यांच्याच अक्षरात फाईलमध्ये वाचलेलं आहे: ‘ऑपरेटर यांची टंकलेखनाची गती यंत्राच्या गतीपेक्षा जास्त असल्याने यंत्र गोंधळते. सबब ऑपरेटर यांनी सावकाश टंकावे.’ खाली तिची सही घेतलेली होती. बी.कॉम. झालेल्या मुलीकडून त्यांनी हे लिहून घेतलं आणि तिने नोकरीसाठी ते लिहून दिलं.

दोन दिवस ती खरंच सावकाश टायपत होती. पावतीला बाराऐवजी तेरा मिनिटं लागली. मग तिने मला फोन केला.

मी दुसऱ्या दिवशी मूलला गेलो. पाच मिनिटांत सगळं दिसलं. दिसण्यासाठी काही शिकलेलं असावं लागतं असंही नाही, पडद्यावर चारही हिस्स्यांचे पट्टे होते आणि एक लाल होता. मी गुणवंतरावांना म्हणालो, ‘‘काका, बर्फाकडचे आठ जीबी गिरणीकडे द्या. दोन मिनिटांचं काम आहे. उन्हाळ्यात परत करून टाकू.’’

‘‘हद्द सरकवाची म्हणता?’’

‘‘हो.’’

ते माझ्याकडे असं पाहू लागले, जणू मी रात्री कुणाचा बांध कोरायला निघालो होतो.

‘‘लगतच्या धारकाइले नोटीस देल्याबिगर हद्द सरकत नसते, बाबू. पंधरा दिवसाची मुदत राह्यते. कोणाची हरकत आली तं सुनावणी. मंग पंचनामा. मंग हद्द.’’

शेताच्या बाबतीत हा नियम शहाणपणाचा आहे. शेजाऱ्याला न सांगता बांध हलला तर डोकी फुटतात. पण इथे शेजारी म्हणजे बर्फाचा कारखाना, मालक तोच, पेटी तीच, वीज तीच. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कोरा कागद पुढे ओढून नोटिशीचा मसुदा लिहायला घेतला. शिकवून सुधारतो तो अडाणी माणूस. गुणवंतराव त्यातले नव्हते. त्यांना एक गोष्ट येत होती आणि जगात दुसरी गोष्ट असू शकते, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटत होता.

नाजिया दारात उभी होती. तिने विचारलं, ‘‘काका, मोजणीत ते अतितातडीचं राह्यते ना? आमच्या घराच्या वेळी अब्बूने तसाच अर्ज केला होता. मी अतितातडीचा अर्ज देऊ का?’’

ती चिडवत नव्हती. तिला तेवढा एकच रस्ता दिसत होता आणि ती त्या माणसाच्या भाषेत तो मागत होती.

गुणवंतरावांनी क्षणभर विचार केला. ‘‘त्याचा नमुना अजून तयार केला नाई,’’ ते म्हणाले.

नोटिसा तीन निघाल्या. आवक-जावक नंबर टाकून, गोल शिक्का मारून. हा शिक्का त्यांनी स्वतः वडसाहून करून आणला होता, त्यावर ‘संगणक मोजणी कक्ष’ अशी अक्षरं होती. बर्फाच्या कारखान्याच्या मॅनेजरने नोटीस वाचलीही नाही, ‘हरकत नाही’ लिहून परत केली. ट्रान्सपोर्टवाल्याने विचारलं, ‘‘हे का लफडं हाय बे?’’ आणि सही केली. दोन्ही संमती नाजिया स्वतः स्कूटीवर जाऊन एका दुपारच्या सुट्टीत घेऊन आली. तिने त्या गुणवंतरावांच्या टेबलावर ठेवल्या.

‘‘आता झालं ना, काका?’’

‘‘तिसरा धारक बाकी हाय.’’

तिसरा धारक म्हणजे राखीव हिस्सा. त्या हिस्स्याचा ताबा गुणवंतरावांकडे होता. म्हणून तिसरी नोटीस गुणवंतराव बोरकुटे यांनी गुणवंतराव बोरकुटे यांच्या नावे काढली होती, स्वतःच घेतली होती आणि ‘नोटीस मिळाली’ म्हणून खाली सही करून तारीख टाकली होती. आठ डिसेंबर. आता ते मुदतीत विचार करत होते.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं नाजिया रंगवून सांगते आहे. नंतर मी तो कागद हातात घेऊन पाहिला.

दिवस जात होते. रोज दहा-बारा ट्रॅक्टर दुसरीकडे वळत होते. जे वळायचे ते नाजियाला बोलून वळायचे. एकाने खिडकीवर हात आपटला. सेठचा मधला भाऊ काट्याजवळ येऊन उभा राहायचा आणि घड्याळ पाहायचा. नाजियाने हाताने पावत्या लिहून द्यायला सुरुवात केली, म्हणजे निदान रांग हलेल आणि रात्री बसून त्या मशीनमध्ये भरता येतील. तिसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी ते बंद करायला लावलं. हस्तलिखित पावती नियमात नव्हती.

एकोणीस डिसेंबरला अयूबसेठने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मलाही फोन आला. मी पोचलो तेव्हा सेठ खुर्चीवर होता, गुणवंतराव फाईल घेऊन समोर बसले होते आणि नाजिया उभी होती.

‘‘मेरे ट्रॅक्टर उधर काऊन जा रहे?’’ सेठने विचारलं. त्याचं बोलणं असंच अर्धं हिंदी, अर्धं मूलचं. ‘‘मले सीधा सीधा सांगा.’’

मी म्हणालो, ‘‘सेठ, गिरणीचा हिस्सा लहान पडतो आहे. बर्फाचा मोकळा आहे. तो वळवायचा. दोन मिनिटांचं काम.’’

‘‘दोन मिनिटाचं काम असतं,’’ गुणवंतराव शांतपणे म्हणाले, ‘‘तं सरकारने पंधरा दिवस काऊन ठेवले असते?’’

सेठने माझ्याकडे पाहिलं. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडे शिक्का नव्हता.

गुणवंतरावांनी फाईल उघडली आणि एकेक कागद सेठसमोर मांडला. नोटीस, पोच, संमती, संमती, नकाशाची प्रत. अयूबसेठ असा माणूस आहे, की धानाची ओंजळ नाकाशी नेऊन तो ओलावा सांगतो आणि तो यंत्राशी जुळतो. धानाच्या बाबतीत त्याला कोणी फसवू शकत नाही. पण गोल शिक्का दिसला की त्याची अक्कल तिथेच बसते. त्याने प्रत्येक शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

‘‘सगळं कायदेशीर चालू हाय, सेठ,’’ गुणवंतराव म्हणाले. ‘‘तेवीस तारखेले मुदत संपते.’’

तेव्हा नाजिया बोलली. ‘‘सेठ, यांना विचारा ना, चौथा हिस्सा कोणाचा हाय.’’

‘‘राखीव हाय,’’ गुणवंतराव म्हणाले.

‘‘राखीवात काकांचे प्लॉटचे नकाशे हाय. बाहेरच्या लोकाइचे लेआउट काढून देतात ते. मी त्याइच्या पडद्यावर पाह्यलं. आपल्या मशीनवर, ऑफिसच्या टायमात. हद्द सरकली तं काकांचा बी हिस्सा कमी होईन, म्हून ते स्वतःलेच थांबवून राह्यले.’’

मला वाटलं, आता संपलं. चोरी उघडी पडली, आता हा माणूस घामाघूम होईल.

गुणवंतरावांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

‘‘पोरगी खरं बोलली, सेठ. माह्ये नकाशे हाय त्यात. म्हणजे माह्या हिताचा प्रश्न झाला. दुसरा कोणी असता तं आपल्याच हातानं आपल्याले सूट देऊन मोकळा झाला असता. मी नाई देली. बाकीच्याइले पंधरा दिवस, तं मलेही पंधरा दिवस.’’

आणि अयूबसेठ हेलावला. त्याच्या चेहऱ्यावर आदर आला. मी तो आदर पाहिला आहे, म्हणून त्या दिवसाचा विचार करताना मला अजूनही किळस येते. ‘‘ऐसा आदमी,’’ तो माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘ऐसा आदमी अब नई मिलता.’’ कुणाच्या मशीनवर कोण काय करत होतं, हा प्रश्न त्या एका वाक्याने टेबलावरून खाली पडला आणि परत कुणी उचलला नाही.

मग सेठ नाजियाकडे वळला. ट्रॅक्टर गेले होते, त्याचा दोष कुणावर तरी टाकायला हवा होता. काट्यावर ती बसत होती.

‘‘बेटा, तू उद्यापासून येऊ नको. तुझ्या अब्बूशी मी बोलतो.’’

‘‘अब्बूशी कायले?’’ नाजिया म्हणाली. ‘‘काट्यावर अब्बू बसत होते का?’’

ती बाहेर गेली. खिडकीतून दिसत होतं, काट्यावर जाऊन तिने डबा आणि पाण्याची बाटली घेतली, खुर्ची आत सरकवली आणि रांगेतल्या पहिल्या ट्रॅक्टरवाल्याला काहीतरी सांगितलं. तो ट्रॅक्टर वळवून निघून गेला.

तेवीस तारखेला मुदत संपली. गुणवंतरावांची स्वतःकडे काही हरकत आली नाही. चोवीस तारखेला सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं, डायरी काढली, पासवर्ड टाकला. त्यातही दोनदा चुकले. मी सांगितलं तसं त्यांनी बर्फाच्या हिस्स्यातून आठ जीबी कमी केले आणि गिरणीच्या हिस्स्याला जोडले. त्यांच्या स्वतःच्या हिस्स्याला धक्काही लागला नाही. लागणार नव्हताच, हे त्यांना पहिल्या दिवशी कुणीही सांगू शकलं असतं, आणि मी सांगितलं होतं. पडद्यावरचा लाल पट्टा हिरवा झाला. मी मोबाईलवर वेळ पाहत होतो. पासवर्डच्या चुका धरून दोन मिनिटं दहा सेकंद.

काट्यावर सेठचा मधला भाऊ बसला होता. पावती चाळीस सेकंदांत निघू लागली. रांगेत तीन ट्रॅक्टर होते. धानाची गर्दी सरली होती.

दुपारी अयूबसेठ मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘अरे, तिले फोन कर ना. आता मशीन चांगली झाली. आली तं येऊ दे.’’ त्याला स्वतः करायला संकोच वाटत होता. तेवढी तरी लाज त्याच्यात होती, हे मान्य करतो.

मी फोन केला. नाजियाने उचलला. मागे गाड्यांचा आवाज होता. ती पोंभुर्ण्याला एका बांबूच्या डेपोत वजनकाट्यावर लागली होती, रोज बसने जाऊन येऊन. तिथे कॉम्प्युटर नव्हता, वहीत लिहायचं होतं.

मी सेठचा निरोप सांगितला.

‘‘किती वेळ लागला?’’ तिने विचारलं.

‘‘दोन मिनिटं.’’

मग ती म्हणाली, ‘‘तुम्हाले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सेठले तुम्ही सांगतलं होतं. काकाले बी समजत होतं, ते काही एवढे भोळे नाई. तिघाइले माहीत होतं आणि रांगेतल्या शिव्या मी खात होती. सेठले सांगा, मी येत नाई.’’ मागून कुणीतरी तिला हाक मारली. ‘‘ठेवते. गाडी चढली काट्यावर.’’

मी ऑफिसात परत आलो तेव्हा गुणवंतराव पंचनामा लिहून तयार बसले होते. कोणत्या तारखेला, कोणासमक्ष, कोणत्या हद्दीतून किती क्षेत्र कमी होऊन कोणत्या हद्दीत किती वाढलं. खाली पंच म्हणून दोन जागा होत्या. एकीवर सेठने सही केली होती, दुसरी मोकळी होती. तिथे सही केल्याशिवाय मला देखभालीच्या कामाची पोच मिळणार नव्हती, आणि पोचेशिवाय आमचं ऑफिस ती फेरी धरणार नव्हतं.

‘‘इथी,’’ गुणवंतराव बोट ठेवून म्हणाले. ‘‘नाव पूर्ण लिहा. वडिलाच्या नावासकट.’’

मी पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.